तेलटँकर चालकाचा रोजगार आणि वाजवी वेतन : मंगळवेढा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मंगळवेढा तालुक्यात ‘टँकर’ हा शब्द उच्चारला की प्रथम पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर येतो. पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्याच्या दक्षिण भागाने टंचाईची कित्येक वर्षे टँकरच्या पाण्यावर काढली आहेत. काळ्या रानातील मालदांडी ज्वारी, भीमेकाठचा ऊस आणि त्या उसावर चालणारे साखर कारखाने ही येथील अर्थव्यवस्थेची दुसरी बाजू होय. या परिस्थितीतून वाहनचालकांचा एक मोठा वर्ग उभा राहिला आहे. ट्रॅक्टरवर हात बसलेला तरुण ऊस वाहतुकीच्या ट्रकवर जातो, गाळप हंगाम संपला की रिकामा होतो आणि बारमाही कामाच्या शोधात त्याची दृष्टी पेट्रोल-डिझेलच्या टँकरकडे वळते. प्रस्तुत लेखात हे काम मिळते कसे आणि त्याचे वेतन कशावरून ठरते, याचा विचार केला आहे.

रोजगाराच्या वाटा :

महाराष्ट्रात तेलक्षेत्र आहे ते समुद्रात. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेल समुद्रतळावरील वाहिनीने उरणला येते. तेथे ट्रकचालकाला फारसे स्थान नाही. चालकाचे काम सुरू होते ते तेल शुद्ध झाल्यानंतर. मुंबईहून पुण्यामार्गे येणारी इंधनवाहिनी सोलापूरजवळच्या पाकणी येथील आगारापर्यंत पोहोचते. तेथून पुढे पंपापर्यंतचा प्रवास टँकरचा असतो. तेल कंपन्या वाहतुकीसाठी निविदा काढतात, वाहतूकदार आपले टँकर कंत्राटाने लावतात आणि चालक नेमतो तो वाहतूकदार. काही पंपचालकांचे स्वतःचे टँकर असतात. म्हणजेच टँकरवर नाव तेल कंपनीचे आणि चालकाचा धनी मात्र दुसराच, अशी ही रचना आहे.

या कामासाठी केवळ अवजड वाहनाचा परवाना पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे विहित प्रशिक्षण घ्यावे लागते व परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. टँकरच्या मागील फलकावरील १२०३ हा आकडा पेट्रोलचा आहे आणि आग लागल्यास काय करावे, हे त्याने जाणणे अपेक्षित असते. हे प्रशिक्षण घेतलेला चालक कुशल कामगारच म्हटला पाहिजे. प्रत्यक्षात मात्र नेमणूक बहुधा ओळखीवर होते. गावातील एखादा जुना चालक शब्द टाकतो, मालक परवाना पाहतो, एक-दोन खेपा बरोबर पाठवतो आणि काम सुरू होते. नियुक्तिपत्र हा प्रकार या व्यवहारात क्वचितच असतो.

दुसरी वाट आखाताची. कुवेत, ओमान, सौदी अरेबिया येथील तेलक्षेत्रांत पाणी, इंधन व यंत्रसामग्री वाहणाऱ्या अवजड वाहनांवर भारतीय चालक मोठ्या प्रमाणावर आहेत. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस या देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली परवानगी लागते. भरती करणारा दलाल नोंदणीकृत असला पाहिजे आणि त्याने घ्यावयाचे शुल्क ३० हजार रुपये अधिक कर यापलीकडे जाऊ शकत नाही. नोंदणी खरी की खोटी हे शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. एवढी साधी खातरजमा न करता शेती गहाण टाकून पैसे भरणे, हा या वाटेवरील खरा धोका होय. येथे दिलेला करार आणि तेथे गेल्यावर पुढे केलेला करार यांत फरक निघाला, तर कर्ज डोक्यावर असलेला चालक दुसराच करार निमूटपणे मान्य करतो.

वेतनाचे स्वरूप :

टँकरचालकाच्या मिळकतीत सामान्यतः ठरावीक पगार, प्रत्येक खेपेचा भत्ता आणि वाटखर्च असे तीन भाग असतात. पगाराचा भाग जितका लहान आणि खेपेचा जितका मोठा, तितका प्रतीक्षेचा भार चालकावर पडतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आगारात भरणीसाठी रांग लागते, पंपावर टाकीत जागा होईपर्यंत थांबावे लागते. त्या तासांत चाक फिरत नाही, म्हणून भत्ताही वाढत नाही. मालकाच्या दृष्टीने तो वेळ विश्रांतीचा असतो. परंतु पेट्रोलियम नियम, २००२ असे सांगतात की पेट्रोल वाहणारे वाहन जाणकार व्यक्तीच्या देखरेखीविना सोडता येत नाही. जी व्यक्ती कायद्याने वाहन सोडून जाऊ शकत नाही, तिचा वेळ विश्रांतीचा कसा ? वाजवी वेतनाचा प्रश्न येथे येऊन थांबतो. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ मध्येही स्थानकावरील नुसत्या हजेरीचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळ तेवढा कामाच्या तासांत स्पष्टपणे धरला होता. त्याहून लांबलेल्या रांगेबाबत वादाला जागा राहिली.

दुसरा प्रश्न घटीचा. तेल मोजले जाते आकारमानाने आणि आकारमान तापमानाबरोबर बदलते. बारा हजार लीटर पेट्रोल दुपारी भरले व रात्री पाच अंशांनी थंड होऊन उतरले, तर सुमारे साठ लीटर किंवा त्याहून थोडे अधिक कमी भरते. यात कोणीही थेंबभर चोरलेले नसते. म्हणूनच १५ अंश सेल्सिअसला घनता काढून तुलना करण्याची पद्धत आहे. ही पद्धत टाळून नुसत्या डिप रॉडच्या खुणेवर घट ठरवली आणि ती चालकाच्या पगारातून कापली, तर निसर्गनियमाचा दंड चालक भरतो. वेतन संहिता, २०१९ नुसार सोपविलेल्या मालाच्या हानीबद्दल कपात करता येते, पण ती हानी प्रत्यक्ष चालकाच्या हयगयीमुळे झालेली असली पाहिजे, त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये.

कायद्याचे संरक्षण आणि त्याची मर्यादा :

१९६१ चा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायास लागू होता. दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास काम आणि जादा कामास दुप्पट मोबदला ही त्याची मुख्य तरतूद. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आल्या व हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. नव्या संहितेत वाहतूक व्यवसायासाठी मर्यादा दहा कामगारांची आहे. दोन-तीन टँकर आणि सहा-सात माणसे असलेला तालुक्याच्या ठिकाणचा मालक पूर्वी कायद्याच्या कक्षेत येत होता, तो आता त्या भागापुरता बाहेर पडला. ग्रामीण चालकाचा धनी बहुधा असाच लहान असतो, हे ध्यानात घेतले तर या बदलाचे गांभीर्य कळते. दुसऱ्या बाजूने, वेतन संहितेने किमान वेतन सर्वच रोजगारांना लागू केले आहे. पूर्वी ते अनुसूचीतील रोजगारांपुरतेच होते. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे आणि वेतनचिठ्ठी देणे हे लहान वाहतूकदारालाही बंधनकारक आहे.

चालकांची सामूहिक शक्ती किती, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. भारतीय न्याय संहितेतील अपघात करून पळून जाण्याविषयीच्या कलम १०६(२) विरुद्ध चालकांनी वाहने उभी केली आणि मनमाडजवळच्या पानेवाडी आगारातून निघणारे टँकर थांबताच पंपांवर रांगा लागल्या. शासनाने चर्चा केली आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवले गेले. मात्र रांगेतील तास आणि घटीची कपात हे विषय त्या आंदोलनाच्या केंद्रस्थानी नव्हते.

वेतन कमी दिल्याची तक्रार तीन वर्षांच्या आत करता येते आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. तरीही आपण किती तास राबलो, हे चालकाला दाखवावे लागतेच. आगाराच्या फाटकावरील प्रवेशाची व बाहेर पडण्याची वेळ, मालाच्या पावतीवरील तारीख व तापमान, पंपावरील पोच हे कागद त्याच्या हातून रोज जातात. त्यांची साध्या वहीत नोंद ठेवणारा चालक मात्र विरळा. टँकरवर बसविलेली मागोवा यंत्रणा तर वाहन कोठे, किती वेळ उभे राहिले हे मिनिटागणिक टिपते. ती बसविली गेली तेलचोरी रोखण्यासाठी, म्हणजे चालकावर नजर ठेवण्यासाठी. रांगेत गेलेल्या तासांचा तिच्याइतका बिनचूक साक्षीदार दुसरा नाही. आजवर ती साक्ष काढली गेली ती बहुतेक मालकाच्या बाजूने.