पाप आणि तारण

बेळगावच्या पूर्वेस सांबरा नावाचे गाव आहे. विमानतळामुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्यापुढे आपण ‘तारण’ हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांपुढे सोसायटीचे कर्ज, घरातील दागिना किंवा जमिनीचा उतारा उभा राहील. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र हाच शब्द आत्म्याच्या उद्धारासाठी योजिला जातो. हे दोन अर्थ वाटतात तितके परस्परांपासून दूर नाहीत.

प्रथम पापाचा विचार करू. पाप-पुण्य म्हटले, की आपल्या मनात सामान्यतः जमाखर्चाची वही येते. ख्रिस्ती विचाराचा रोख निराळा आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पापासाठी ‘हमार्तिया’ हा शब्द आहे आणि त्याचा धात्वर्थ नेम चुकणे असा आहे. ज्याच्याकडे जावयाचे त्याच्याकडे पाठ फिरविणे, हे पापाचे मूळ होय. चोरी, असत्य, द्वेष ही त्याची फळे होत. म्हणून ‘सर्व माणसे पापी आहेत’ हे ख्रिस्ती विधान म्हणजे शिवी नव्हे, ते रोगनिदान आहे.

येशूने सांगितलेल्या एका दृष्टान्तात धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन तो उधळतो आणि अखेर डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घराची वाट धरतो. बाप त्याला दुरून पाहून धावत सामोरा जातो. परंतु कधीही आज्ञा न मोडलेला थोरला मुलगा मात्र रुसून घराबाहेरच उभा राहतो. नियम पाळूनही मनुष्य बापापासून दूर असू शकतो, हे या कथेचे मर्म आहे.

आता तारण. जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथात असा नियम आहे, की दारिद्र्यामुळे कोणी आपली जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या भाऊबंदाने ती सोडवावी. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू हा असा सोडविणारा आप्त आणि त्याचे क्रूसावरील मरण हे सुटकेचे मोल. हे मोल कोणाला दिले गेले, यावर ख्रिस्ती पंडितांत शतकानुशतके वाद झाले आहेत. मात्र ऋणकोला ते स्वतः फेडता येत नाही, याविषयी दुमत नाही.

मग सदाचरणाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. गहाणातून सुटलेली जमीन कोणी पडीक ठेवीत नाही. शेतकरी तिच्यात अधिकच उमेदीने नांगर घालतो. सत्कृत्य ही सुटकेची किंमत नव्हे, ती सुटकेची खूण होय. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते ते याच अर्थाने.

हा विचार या मातीत एका माणसाला किती महाग पडला, तेही पाहिले पाहिजे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. तेथील मिशनच्या शाळेत ते शिकले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला. दृष्टान्तातील मुलगा बापाच्या घरी परततो. या तेवीस वर्षांच्या तरुणाला मात्र परमेश्वराकडे जाण्यासाठी स्वतःच्या बापाचे घर दुरावावे लागले. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने धर्मत्याग हेच महापाप होते. मुलाला जे तारण वाटले, ते घरच्यांना दुःखाचे कारण झाले. दोन्हीकडचे दुःख खरे होते, आणि ते विसरून या विषयावर बोलणे अपुरे ठरेल.

तथापि पदमनजी स्वतःच्या उद्धारापाशी थांबले नाहीत. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत त्यांनी हिंदू विधवांची दुःस्थिती मांडली. त्या पुस्तकात धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे, हे खरे. परंतु रूढीच्या नावाने निरपराध स्त्रीचा छळ होत असता मुकाट्याने पाहणारा सज्जनही दोषमुक्त नाही, हे त्यातून वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. दृष्टान्तातील थोरला भाऊ तो हाच, आणि तो कोणत्याही एका धर्मात राहत नाही.