अंगठ्यापासून अक्षरापर्यंत

बँकेच्या टेबलावर ठेवलेली शाईची डबी तुम्ही पाहिली असेल. ज्यांना सही करता येत नाही, ते त्या शाईत अंगठा बुडवून कागदावर ठसा उमटवतात. कागदावर काय लिहिले आहे, हे मात्र त्यांना दुसऱ्याला विचारावे लागते. कदाचित तुमची दादी किंवा नानी त्यांच्यापैकीच एक असेल. ती रोज कुरआन शरीफची तिलावत करत असेल. पण बसवरची मराठी पाटी तिला वाचता येत नसेल.

जनगणनेत सात वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येते, तिला साक्षर म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ७६ स्त्रिया साक्षर होत्या. उरलेल्या २४ जणींचे काय?

मोठ्या माणसांना शिकवण्यात तीन अडचणी येतात. पहिली वेळेची. दिवसभर राबलेल्या माणसाला रोज वर्गात बसणे जमत नाही. दुसरी लाजेची. चूक झाली तर लोक हसतील, अशी भीती वाटते. तिसरी अडचण विसरण्याची. शिकलेले अक्षर रोज डोळ्यांपुढे आले नाही, तर ते पुसले जाते. या अडचणी दूर करण्यासाठी यंत्राची मदत होईल का?

हा विचार फकीरचंद कोहली यांनी केला. भारतात संगणक उद्योगाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या पुढाकाराने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २००० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात संगणकावर प्रौढांचे वर्ग सुरू केले. तेथे आधी तेलुगू शिकवली गेली. पुढे मराठी, उर्दू व इतर भाषांतही असे धडे तयार झाले.

या धड्यांत मुळाक्षरे पाठ करून घेत नाहीत. आधी ओळखीचा शब्द येतो. समजा, पडद्यावर घराचे चित्र आले. त्याखाली ‘घर’ हा शब्द उमटतो आणि त्याचा उच्चार ऐकू येतो. मग शब्द फुटून ‘घ’ आणि ‘र’ वेगळे होतात. तीच अक्षरे दुसऱ्या शब्दांतही भेटतात. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये व शेवटी रूप बदलते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. हा बदल पडद्यावर डोळ्यांनी पाहता येतो. सुमारे ४० तासांत शिकणारी व्यक्ती साधे वर्तमानपत्र वाचू लागावी, असा या पद्धतीचा उद्देश होता. संगणक दहा वेळा विचारले तरी कंटाळत नाही आणि कुणाला हसत नाही.

मग विसरण्यावर उपाय काय? तो एका चित्रपटाने सुचवला. ब्रिज कोठारी हे अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येत होत्या. या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या, तर ती भाषा शिकायला मदत झाली असती, असे त्यांना वाटले. पुढे ते अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाले. त्यांच्या प्रयत्नांनी १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी दिसू लागल्या. २००२ मध्ये हिंदी ‘चित्रहार’मध्येही हा प्रयोग झाला. जो शब्द गायला जातो, त्याचा रंग बदलतो. गाणे आधीच पाठ असते. त्यामुळे डोळे आपोआप अक्षरांमागे धावतात. करमणुकीबरोबर वाचनाचा सराव होतो.

तरीही यंत्राला मर्यादा आहेत. मेदकच्या पद्धतीत भर वाचनावर होता. लिहिण्यासाठी हाताला पेन्सिल धरण्याची सवय करावी लागते. वीज गेली की पडदा काळा होतो. शिवाय, “आज का आला नाहीत?” असे विचारायला संगणक कुणाच्या दारी जात नाही. त्यासाठी माणूसच हवा. म्हणून केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२७ या काळातील नव भारत साक्षरता कार्यक्रमात मोबाइलवर धडे आहेत, तसेच शिकवणारे स्वयंसेवकही आहेत.

मित्रांनो, तो माणूस तुम्ही होऊ शकता. आज घरोघरी मोबाइल आहे. दादीजवळ बसा. तिला आवडणारे, खाली ओळी असलेले एखादे गीत लावा. तिचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. ती अडखळली, तर हसू नका, पुन्हा सांगा. तुम्ही पहिले अक्षर गिरवत होता, तेव्हा घरातल्या मोठ्यांनीही असाच धीर धरला होता. एके दिवशी ती बँकेत शाईची डबी बाजूला सारील आणि पेन मागील. त्या दिवशी तिच्या शेजारी तुम्ही उभे असाल.

स्वाध्याय
१. प्रौढांना शिकवताना कोणत्या तीन अडचणी येतात?
२. संगणकावरील धड्यात ‘घर’ हा शब्द कसा शिकवता येईल?
३. गाण्याखालील ओळींमुळे वाचनाचा सराव कसा होतो?
४. ‘यंत्र असले तरी माणूस हवाच’, असे लेखात का म्हटले आहे?
५. घरातील किंवा शेजारच्या एका मोठ्या व्यक्तीला तिचे नाव लिहायला शिकवा. तुमचा अनुभव पाच वाक्यांत लिहा.