नवख्याला आधी एकच वाट दाखवा

लिनक्सला डॉक्युमेंटेशन नाही, ही तक्रार नेहमीची असली तरी खरी नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्सचा कर्नल जाहीर केला आणि दुसऱ्याच वर्षी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट उभा राहिला. डेबियन, उबुंटू, आर्च या वितरणांचे आजचे साहित्य वाचून संपणार नाही इतके आहे, पण त्यातले बरेचसे जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिले आहे. याचे मूळ युनिक्सपर्यंत जाते. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१मध्ये युनिक्सचे पहिले मॅन्युअल काढले. त्यात प्रत्येक कमांडचे नाव, वापरायची रीत, वर्णन आणि शेवटी तिचे ठाऊक असलेले दोषसुद्धा. लिनक्सची मॅन पेजेस अजून याच घाटाची आहेत. मात्र कमांडचे नाव आधी माहीत असेल तरच तिची नोंद सहज सापडते आणि नवख्याचे घोडे नेमके तिथेच अडते.

यावर भाषा सोपी करा, असा सल्ला दिला जातो. माझ्या मते तो दुय्यम आहे. नवख्यासाठी लिहिणाऱ्याचे खरे काम वाचकाच्या वतीने निवड करणे हे आहे. मुक्त प्रणालींच्या जगात वितरणे शेकडो, डेस्कटॉपही ग्नोम, केडीई, एक्सएफसीई असे अनेक. ही विपुलता अभिमानाची असल्याने ‘कोणते घेऊ?’ या प्रश्नाला ‘तुमच्या गरजेवर अवलंबून आहे’ असे उत्तर मिळते. उत्तर बिनचूक आहे आणि निरुपयोगीही. कारण स्वतःची गरज ओळखण्याइतका अनुभव असता, तर नवख्याने विचारलेच नसते. लेखकाने धीर करून सांगावे की हे वितरण घ्या, आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, तोवर हार्डडिस्कला हात लावू नका. पुढे इन्स्टॉल करताना सगळी डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी जागा करायची, असा प्रश्न पडद्यावर येतो. बॅकअपची सूचना त्या पडद्याच्या आधी हवी, तळटीपेत नव्हे.

निवड करून दिली तरी नवखा चुकतोच. जॉन कॅरोल यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्यांचे निरीक्षण केले. माणसे पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत. थेट काम सुरू करतात, चुकतात आणि अडकतात, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी पुस्तिका छाटली आणि चूक ओळखून सावरायची कशी, हे तिच्यात आणले. लिनक्समध्ये अशा अडकण्याच्या जागा भरपूर आहेत. टर्मिनलमध्ये प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो ही कमांड पासवर्ड विचारते, तेव्हा टाइप केलेले बहुतेक वितरणांत दिसतच नाही, ताराचिन्हेही उमटत नाहीत. नवखा समजतो की कीबोर्ड बिघडला. सूचनांमधल्या कमांडआधी छापलेले डॉलरचे चिन्ह तो कमांडसकट कॉपी करतो आणि ‘कमांड सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश पाहून हिरमुसतो. कंट्रोल-सी दाबून काही कॉपी करू जातो, तर चालू काम बंद पडते. तिन्हींना एकेक वाक्य पुरे. पण जाणकाराला ते सुचत नाही, कारण त्याची बोटे हे केव्हाच शिकली आहेत.

लेखकानेच निवडले, तर मुक्ततेचे काय राहिले, असा आक्षेप येतो. १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी मांडलेले स्वातंत्र्य प्रोग्रॅम वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे आहे. शिफारस केल्याने त्यातले एकही कमी होत नाही. सांगितलेले टाइप करून माणूस पोपट होतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर असे, की पायरीसोबत तिचे कारणही द्यावे. डाउनलोडचा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, जुळवायला सांगितले, की लोक ती पायरी सर्रास गाळतात. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडची लिंक बदलली आणि चोरवाट असलेली प्रत लोकांच्या हाती दिली. एवढे दोन ओळींत सांगितले, तर तो आकडा कशासाठी तपासायचा आणि त्यावरची डिजिटल सही का पाहायची, हे ध्यानात येते.

असले लिखाण लवकर शिळे होते, हे मात्र मान्य करावेच लागते. ऑक्टोबर २०१७च्या आवृत्तीत उबुंटूने युनिटी सोडून ग्नोम डेस्कटॉप स्वीकारला, तेव्हा चित्रांवर भिस्त ठेवणारे मार्गदर्शन एका फटक्यात जुने झाले. म्हणून चित्रे मोजकी घ्यावीत आणि उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी, पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळणारी दीर्घ पाठबळाची आवृत्तीच लेखनासाठी धरावी. तिचा क्रमांक माथ्यावर छापावा, आणि त्याखालीच ते पाठबळ संपण्याचा महिना.