सत्त्याहत्तराव्या वर्षी टेक-ऑफ

हातानं बनवलेलं विमान हातानंच सोडलं तर किती लांब जाईल? गच्चीच्या कठड्यापर्यंत? समोरच्या इमारतीपर्यंत? मेनार्ड हिल यांचं विमान अटलांटिक महासागर ओलांडून गेलं!

तारीख ९ ऑगस्ट २००३. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर या टोकावरून हिल यांनी विमान हवेत सोडलं आणि ११ ऑगस्टला ते आयर्लंडच्या मॅनिन किनाऱ्यावर उतरलं. सुमारे ३,०३० किलोमीटर अंतर, पावणेएकोणचाळीस तासांहून थोडा जास्त वेळ. म्हणजे ताशी सरासरी ७८ किलोमीटर, दोन रात्री, कुठेही न थांबता. विमान कसलं? बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर पातळ प्लास्टिकचं आवरण, पंखांची लांबी माणसाच्या उंचीएवढी आणि इंधनासह वजन ५ किलोच्या आत. त्यातलं जवळपास निम्मं वजन इंधनाचंच. मधला सगळा प्रवास उपग्रहाच्या मदतीनं दिशा धरणाऱ्या यंत्रणेनं केला. रिमोट लागला तो उडवताना आणि उतरवताना.

त्या वेळी हिल ७७ वर्षांचे होते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ते अंध होते आणि ऐकूही फार कमी यायचं. आयुष्यभर लाकूड हाताळून बोटं इतकी तयार झाली होती की बरंचसं काम ती स्पर्शानं करायची. आधीचे प्रयत्न फसले होते, विमानं समुद्रात गेली होती. तरी पुढचं विमान टेबलावर आलंच. १९१९ मध्ये ॲल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक पहिल्यांदा न थांबता पार केला, तेही न्यूफाउंडलंडहून निघाले होते आणि याच भागात, क्लिफडेनजवळ, उतरले होते. हिल यांनी आपल्या चिमुकल्या विमानासाठी तोच मार्ग निवडला. या छंदाबद्दल एवढी एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती.

कारखान्यातलं विमान तळहातावर

उडवायचं नसेल, नुसतं बनवून कपाटात ठेवायचं असेल, तर प्लास्टिकचे किट आहेत. त्यांवर १/७२ असा आकडा हमखास दिसतो. हे ७२ आलं कुठून? इंग्लंडमध्ये हे प्रमाण ठरलं तेव्हा हिशेब फूट-इंचाचा, आणि एका इंचाला सहा फूट धरले की प्रमाण येतं १/७२. म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा! या प्रमाणात मिग-२१ च्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे पंख १० सेंटिमीटरच्या आसपास भरतात, तळहातावर मावतील एवढे. जम्बो जेट मात्र याच मापात ८० सेंटिमीटरच्या वर जातं. तेव्हा आधी कपाटाचं माप घ्यावं, मग किट.

मिग-२१ चं नाव सहज घेतलेलं नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी. नाशिक परिसरातल्या कितीतरी घरांत या विमानाचे सुटे भाग हाताळलेली माणसं आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. ज्यांच्या हातून त्याचा एखादाच भाग वर्षानुवर्षं गेला, त्यांनी आता घरी बसून ते विमान नाकापासून शेपटीपर्यंत स्वतः जोडावं, यासारखं सुख नाही.

दुसरं एक नाव सुचवते: जे. आर. डी. टाटांचं पुस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तो प्रवास पुन्हा एकट्यानं केला, या वेळी लेपर्ड मॉथमधून. आजोबांच्या टेबलावर ही दोन विमानं शेजारी शेजारी असतील, तर नातवंडांना सांगायला गोष्ट तयारच आहे.

एक रबरबँड, दोन भाऊ

१८ ऑगस्ट १८७१, पॅरिसची ट्युलरीज बाग. २१ वर्षांच्या आल्फाँस पेनोनं पीळ दिलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान सोडलं. ते ११ सेकंदांत ४० मीटर गेलं, तेही स्वतःचा तोल स्वतः सांभाळत. पेनोनं रबरावर उडणारं हेलिकॉप्टरसारखं खेळणंही बनवलं होतं. तसंच एक खेळणं १८७८ मध्ये अमेरिकेत एक वडील घरी घेऊन आले. मुलं दोन, एक अकरा वर्षांचा, दुसरा सात. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट! खेळणं मोडलं तेव्हा पोरांनी स्वतः बनवलं, मग त्याहून मोठं, आणि लक्षात आलं की आकार वाढवला तर ते नीट उडत नाही. आकार दुप्पट झाला की ताकद दुपटीनं भागत नाही, कितीतरी जास्त लागते. विमानविद्येतला हा पहिला धडा त्यांना रबरानं शिकवला.

लाकूड की कापूस?

बाल्सा हातात घेतलं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. लांबरुंद पट्टी, पण वजन जाणवतच नाही. वनस्पतिशास्त्र मात्र या झाडाला ‘कठीण लाकडा’च्या गटात घालतं, कारण तो गट पानं-फुलं पाहून ठरतो, लाकूड दाबून नाही! झाड मुख्यतः इक्वेडोरचं, वाढ झपाट्याची, सात-आठ वर्षांत तोडणीला तयार. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. थॉर हायरडाल १९४७ मध्ये ‘कॉन-टिकी’वरून पॅसिफिकमध्ये १०१ दिवस तरंगले तो तराफा याच ओंडक्यांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या मॉस्किटो या लढाऊ विमानाच्या अंगातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेलं होतं.

हे लाकूड धारदार पात्यानं कापता येतं, करवत लागत नाही. सांधेदुखी असलेल्या बोटांना ही मोठी सोय आहे. पात्याला जाड मूठ असलेली सुरी घ्या, चांगल्या उजेडात बसा, डोक्याला बांधायचं भिंग आणा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर छोटा कापही जास्त वाहतो, म्हणून पातं नेहमी स्वतःपासून लांब चालवा. खिडकी उघडी असू द्या, चिकटवणाऱ्या द्रव्यांचा वास डोक्यात जातो.

झटपट चिकटणाऱ्या डिंकाचीही गंमत आहे. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलं ते असं की ज्याला लागेल त्याला चिकटून बसे. वैतागून बाजूला ठेवलं. नऊ वर्षांनी त्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि तो चिकटपणाच त्याचा गुण ठरला. हा डिंक ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून घामट बोटं सगळ्यात आधी चिकटतात! ओढाताण करू नका, नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननं सुटतात.

रुपयाच्या नाण्याच्या निम्मं

घरात उडवायच्या स्पर्धांमध्ये एक प्रकार असा आहे की रबर सोडून अख्खं विमान साधारण दीड ग्रॅमचं. रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मं! पंख्याचं पातं इतकं सावकाश फिरतं की डोळ्यांनी मोजता येतं आणि विमान चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गोल गोल फिरत अर्धा तास हवेत राहतं. जवळून कुणी झपकन चाललं तरी ते भरकटतं. म्हणून त्यांच्या जागतिक स्पर्धा रुमेनियात स्लॅनिकच्या जुन्या मिठाच्या खाणीतही होतात, जमिनीखाली सुमारे २०० मीटर. तिथे वारा नाहीच.

हलक्या विमानांच्या याच विद्येतून पॉल मॅक्रेडी मोठे झाले. लहानपणी मॉडेल विमानांच्या स्पर्धा जिंकणारा हा मुलगा पन्नाशीत कर्जात अडकला, आणि माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी ठेवलेलं ५०,००० पौंडांचं बक्षीस त्याला आठवलं. १९७७ मध्ये, ५१ व्या वर्षी, मॅक्रेडींच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’नं ते जिंकलं. दोन वर्षांनी त्यांच्याच ‘गॉसमर अल्बाट्रॉस’मधून ब्रायन ॲलन नावाचा सायकलपटू पायडल मारत इंग्लिश खाडी ओलांडून गेला. साठीत मॅक्रेडींनी साडेपाच मीटर पंखांचा, पंख हलवत उडणारा प्राचीन सरीसृप बनवला. नासानं अंतराळयान जम्बो जेटच्या पाठीवरून सोडायचं ठरवलं, तेव्हाही जॉन किकर या छांदिष्ट अभियंत्यानं आधी १/४० मापाची दोन विमानं रिमोटवर उडवून ते जमतं हे दाखवलं होतं.

पतंगाला तोल, विमानाला तोल

ज्यांनी संक्रांतीला पतंग केलेत, त्यांना निम्मं काम येतं. पतंग एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूला कागदाची चिंधी लावायची, हे आपण कुणी न शिकवता केलंय. विमानाचंही तेच. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर, दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवून विमान उचला. शेपूट खाली गेली तर नाकाला थोडी माती चिकटवा. पंख दोन्ही टोकांना किंचित वर उचललेले असतील तर विमान एका बाजूला कललं तरी आपोआप सरळ येतं.

मैदान मात्र विचारपूर्वक निवडा. रिमोटचं विमान असेल तर आपला परिसर हिरव्या, पिवळ्या की लाल हवाई क्षेत्रात येतो हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहून घ्या. विमानतळांच्या जवळपास ही काळजी फार महत्त्वाची. आपल्या गावच्या शाळा-कॉलेजात एनसीसीचा हवाई विभाग असेल तर तिथे जरूर डोकावा. तिथल्या मुलांना मॉडेल विमानं बनवायला शिकवतात, आणि एखादे काका बाल्साची पेटी घेऊन आले तर ती मुलं त्यांना सोडणार नाहीत.

आणि विमानावर आपलं नाव, फोन नंबर लिहाच. दुपारी तापलेल्या माळरानावरून गरम हवा वर उठते, त्याच हवेवर घारी पंख न हलवता चढत जातात. रिमोट नसलेलं हलकं विमान तिच्यात सापडलं की तेही चढतच राहतं, आणि दिसेनासं होतं. जुन्या मंडळींनी यावर उपाय काढला होता. शेपटीजवळ उदबत्तीसारखी सावकाश जळणारी वात बांधायची. ठरलेल्या वेळी ती दोरा जाळते, शेपूट वर उचलली जाते आणि विमान अलगद खाली येतं. सुरुवातीला एवढा खटाटोप नको. सूर्य कलल्यावर, वारा पडल्यावर, उंच गवताच्या कडेला उभे राहा. विमान खांद्याच्या उंचीवर धरा, नाक अगदी किंचित खाली, आणि फेकू नका, समोर हलकेच ढकला.