नाणं आटलं, लाकूड चाललं!

सुट्या पैशांऐवजी दुकानदाराने गोळी हातावर टेकवली की आपण कुरकुरतो. पण मोड मिळेनाशी झाली की माणसं काय काय चालवतात, याचा इतिहास फार रंगतदार आहे. टोकन, लाकडी निकेल (निकेल म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं) आणि नाणे-क्लबांचे बिल्ले जमवणारे लोक तोच इतिहास जपतात. त्यांच्या खजिन्यातल्या या काही चिजा.

लाकडी नोट
डिसेंबर १९३१. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या टेनिनो या छोट्या गावातली बँक बुडाली आणि व्यवहार ठप्प झाले. मग गावच्या व्यापारी मंडळाने लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर चलन छापलं. विश्वास असला की लाकडाचाही पैसा होतो, अशा अर्थाची ओळ त्यावर होती. बातमी पसरली आणि संग्राहक तुटून पडले. बरंचसं चलन वटवायला परत आलंच नाही!

८९ वर्षांनी पुन्हा
२०२० मध्ये कोरोनाने रोजगार बुडाले, तेव्हा टेनिनोने १८९० च्या सुमाराचं छपाईयंत्र पुन्हा सुरू केलं आणि २५ डॉलरच्या लाकडी नोटा काढल्या. गावातल्या दुकानांत त्या चालत. दारू-तंबाखूसाठी मात्र नाही.

जत्रेची आठवण
१९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात लाकडी निकेल आठवण म्हणून विकले गेले. पुढे दुकानं, बँका, गावांचे वर्धापनदिन, सगळ्यांनीच ते छापले. नेहमीचा लाकडी निकेल सुमारे दीड इंच व्यासाचा असतो. एका बाजूला बहुधा बायसन किंवा मूळ अमेरिकन माणसाचा चेहरा असतो, जुन्या बफेलो निकेलवरून घेतलेला. दुसऱ्या बाजूला काढणाऱ्याचं नाव.

अभ्रकामागचं तिकीट
अमेरिकन यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवली आणि पोस्टाची तिकिटंच मोड म्हणून फिरू लागली. ती चिकटत, फाटत. १८६२ मध्ये जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने तिकीट गोल पितळी चकतीत बसवलं आणि वर पारदर्शक अभ्रक लावलं. मागची पितळी बाजू त्याने जाहिरातींना विकली. आज ही चकती हाती लागणं म्हणजे संग्राहकाची दिवाळीच.

साडेसतरा सेंटचा भुयारी प्रवास
न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९५३ पासून २००३ पर्यंत टोकन चाललं. १९८० च्या दशकात प्रवाशांच्या लक्षात आलं की शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या टोलरस्त्याचं साडेसतरा सेंटचं टोकनही त्याच खाचेत बसतं. रेल्वेचं भाडं होतं ७५ सेंट! दोन्ही राज्यांत चांगलीच जुंपली.

कडं घातलेला सेंट
अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यात खरा सेंट बसवायचा आणि कड्यावर जाहिरात छापायची, ही चाल १९०१ च्या बफेलो शहरातल्या प्रदर्शनापासून रुळली. घोड्याच्या नालाच्या आकाराचे नमुने शुभ मानून खिशात ठेवले जात.

आपल्याकडेही
दुसऱ्या महायुद्धात चिल्लर आटली, तेव्हा मोरवी, जुनागढ, बिकानेर अशा संस्थानांनी पुठ्ठ्याचे छोटे तुकडे छापून पैसा म्हणून चालवले. आणि पूर्वी चेक दिल्यावर बँकेत मिळायचा तो नंबर कोरलेला पितळी बिल्ला? तोही याच कुळातला.

क्लबांची चैन
अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन १८९१ ची. फक्त टोकन आणि पदकांना वाहिलेली संस्था १९६० ची. गावोगावचे क्लब वर्धापनदिनाला, प्रदर्शनाला स्वतःचा लाकडी निकेल काढतात. काही सभासद तर आपल्या नावाचा छापून घेतात आणि भेटीत एकमेकांशी बदलतात.

जपायचं कसं?
लाकूड ओल्या फडक्याने पुसू नका, शाई फुटते. उन्हात ठेवू नका, छपाई उडते. धातूचं टोकन पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर कालांतराने हिरवट, चिकट थर चढतो. आणि जमवलेल्या प्रत्येक नगासोबत तो कुणी काढला, कुठे मिळाला, याची चिठ्ठी ठेवा. सरकारी नाण्याची नोंद सरकार ठेवतं; छोट्या गावाच्या, बंद पडलेल्या दुकानाच्या टोकनाची नोंद ठेवणारा बहुधा संग्राहकच असतो. म्हणून स्वस्तातला हा छंद मोलाचा आहे.