मोजून परत केलेली कोनफळं

मानवशास्त्राच्या वर्गात मॅलिनॉव्स्कीचं नाव निघालं की लगेच 'कुला' ही बेटाबेटांतली देवाणघेवाण येते: शिंपल्यांची कंकणं, लाल माळा, होड्या आणि समुद्र. १९२२ सालचा त्याचा 'अर्गोनॉट्स' सगळे वाचतात. १९३५ साली निघालेले 'कोरल गार्डन्स अँड देअर मॅजिक'चे दोन जाडजूड खंड मात्र ग्रंथालयात धूळ खात पडलेले असतात. त्यांत समुद्रसफर नाही, कंद आहेत. मला विचाराल तर हाच त्याचा खरा ग्रंथ. कित्येक वर्षं मी तो कुठूनही उघडून वाचतो, कारण त्यातलं 'टायटू' म्हणजे आपलं कणगर आणि 'कुवी' म्हणजे आपलं कोनफळ. जाती अगदी त्याच.

कोकणच्या माणसाला या वेली समजावून सांगायची गरज नाही. मृगाच्या आधी कंद खड्ड्यात, वर मांडव किंवा परसातलं एखादं झाड, मग पावसाळाभर आनंदीआनंद, आणि पानं पिवळी पडून गळाली की कुदळ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण घोरकंद' आणि 'कोकण कांचन' असे वाणही काढले आहेत. इतकं असूनही एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कोनफळाची वेल आधाराला ज्या दिशेने वेढे घालते, कणगराची नेमकी त्याच्या उलट. शेजारी शेजारी दोन काठ्या रोवून बघा. बुडाशी काटे असतील ती वेल कणगराची.

टायटू आणि कुवी पिकवणारी ट्रोब्रियांड बेटं पापुआ न्यू गिनीच्या पूर्व भागात आहेत. मॅलिनॉव्स्की पोलिश, पण कागदोपत्री ऑस्ट्रियाचा प्रजाजन. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता, म्हणजे शत्रूच्या मुलुखात. तरीही त्याला संशोधनाची मुभा मिळाली आणि १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांनी तो त्यांपैकी किरिविना बेटावर राहिला. ओमाराकाना गावात त्याला बगिदोउ भेटला. गावचा प्रमुख तोउलुवा हा त्याचा मामा, आणि वारसा मातृकुळाकडून चालत असल्याने भाचाच गादीचा वारस. साऱ्या गावाच्या मळ्यांचा मांत्रिकही तोच. जमीन साफ करण्यापासून कंद काढेपर्यंत प्रत्येक कामाआधी त्याचा मंत्र व्हायचा, मगच लोक हात लावायचे. मॅलिनॉव्स्कीने हे मंत्र शब्दशः उतरवून घेतले आणि अभ्यासक त्यातच अडकून पडले.

मला त्याहून मोलाची वाटते ती 'बासी'. वेल वाढीला लागली की बुडाजवळची माती हलक्या हाताने उकरायची, वेडेवाकडे, किडके, जास्तीचे कंद काढून टाकायचे, चांगले तेवढे ठेवून पुन्हा माती ओढायची. कणगराला कंदांचा घोस लागतो, त्यामुळे विरळणी केली की उरलेले पोसतात. आपल्याकडे अंगठ्याएवढी कणगरं निघाली की आपण पावसाला नावं ठेवतो.

एवढी मशागत करून पिकाचा मोठा आणि निवडक वाटा जातो बहिणीच्या घरी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कोठारात. भाऊबीज म्हणा हवं तर, फक्त ताटात न मावणारी. कंद आधी मळ्यातच रचतात, देखणे बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत. कोठाराच्या ओंडक्यांमध्येही मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. त्या कोठारांसाठी एक वेगळा मंत्र आहे. त्याने कंद वाढत नाहीत, माणसांची भूक मंदावते. खाऊन न संपता कोठारातच कुजले तर गावाची शान!

अशा ठिकाणी कंदांवरून भांडणं झाली नसती तरच नवल. कबवाकू आणि वाकाइसे या शेजारच्या दोन गावांचं भांडण मॅलिनॉव्स्कीने सविस्तर लिहून ठेवलं आहे. तुमच्याकडे धड कंद तरी पिकतात का, अशा टोमण्यावरून प्रकरण हातघाईवर आलं. मग 'बुरितिलाउलो' ठरलं. एका गावाने आपल्याकडचे सगळे चांगले कंद काढायचे, लाकडी वाशांचा भलामोठा चौकोनी हौदा बांधून तो भरून द्यायचा. मापं टिपून ठेवायची. दुसऱ्या गावाने त्याच मापाचा हौदा तितकाच भरून परत करायचा. कमी पडलं तर नाक कापलं, जास्त भरलं तर तोही अपमान, कारण आता ते जास्तीचं फेडा पाहू! घेणंदेणं तंतोतंत फिटलं तरी वैर काही मिटत नाही. पोटात जाण्यापेक्षा मोजण्यात ज्याचं सार्थक होतं असं पीक मी दुसरं पाहिलेलं नाही.

मॅलिनॉव्स्कीच्या मोठेपणाला एक मर्यादा होती. पुरुषांचे कंद त्याने बारकाईने पाहिले, पण बायका केळीच्या पानांच्या जुड्या करून मयताच्या विधीत वाटतात, त्या संपत्तीचं मर्म त्याला कळलं नाही. ते मानवशास्त्रज्ञ ॲनेट वाइनर यांनी १९७६च्या पुस्तकात दाखवून दिलं. मॅलिनॉव्स्कीने मात्र ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या अखेरीला आपल्या अज्ञानाचं आणि चुकांचं एक परिशिष्ट स्वतःहून जोडलं आहे. किती विद्वान असं करतील?

आता आपल्या परसाकडे वळू. संक्रांतीच्या सुमारास बाजारात कोनफळं येतील. एखादं आणलंत तर सगळं उंधियूत घालू नका. देठाकडचा पावशेराचा तुकडा सालीसकट कापून घ्या, कापलेल्या बाजूला राख चोळा, सावलीत कोरडा ठेवा. त्याच भागाला कोंब लवकर फुटतो. मृगाच्या आधी लावा, कोंब वर आला की पंधरवड्याच्या आत उंच काठी द्या. जमिनीवर लोळणारी वेल कंद भरत नाही.