डेटा आपला, चावी कोणाकडे?

या मालिकेत आपण एरवी सीमेवरच्या विषयांवर बोलतो. आजचा विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल. मी काही कॉम्प्युटरवाला नाही. बत्तीस वर्षं पायदळात काढली, टायपिंगसुद्धा निवृत्तीनंतर शिकलो. तरीही हा विषय घेतला, कारण गेल्या नोव्हेंबरात मला एक फोन आला.

फोन एका हवालदाराच्या पत्नीचा होता. पती जाऊन सहा वर्षं झाली. त्या वडोदऱ्यात मुलीजवळ राहतात. मीही निवृत्तीनंतर वडोदऱ्यातच राहिलो आणि तिथल्या माजी सैनिकांच्या एका छोट्या संस्थेचं काम पाहतो. नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला देण्याचा महिना. त्यांना कोणीतरी फोन करून सांगितलं, "तुमचा दाखला अपूर्ण आहे, पेन्शन थांबेल." पलीकडच्या माणसाने त्यांचं नाव, पतीचा हुद्दा, पेन्शनचा पीपीओ नंबर आणि बँकेची शाखा सगळं बरोबर सांगितलं. मग विश्वास न ठेवायला कारणच काय? त्याने पाठवलेलं अ‍ॅप त्यांनी मोबाईलवर घेतलं आणि अर्ध्या तासात खात्यातले त्र्याऐंशी हजार रुपये गेले.

पोलिसांत तक्रार झाली, बँकेला कळवलं. पण त्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, माझा पीपीओ नंबर त्यांना कोणी दिला?"

पीपीओ नंबर आमच्या संस्थेकडे होता. म्हणून मी शोधायला बसलो.

चार वर्षांपूर्वी एका कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाने सगळ्या सभासदांची यादी करून दिली होती. नाव, पत्ता, पीपीओ, आधार, बँक खातं, वारस, सगळं एकाच तक्त्यात. ही यादी त्याने स्वतःच्या ईमेल खात्यात ठेवली. पुढे तो नोकरीसाठी दुबईला गेला. खात्याचा ओटीपी त्याच्या जुन्या सिमवर जायचा आणि ते सिम बंद झालेलं. म्हणजे मूळ यादी आम्हालाच उघडता येत नव्हती. मग आम्ही काम कशावर करत होतो? कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी कधीतरी टाकलेल्या प्रतीवर. त्या ग्रुपमध्ये सव्वीस जण. त्यांतले सात जण कमिटी सोडून गेलेले, एकाचा मोबाईल चोरीला गेलेला. ती यादी एका विमा एजंटाकडेही होती आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही, कारण तिथे तिची प्रिंट काढली होती.

शिकलेली, शिस्तीत आयुष्य काढलेली माणसं आम्ही. आणि ही अवस्था!

फौजेत गोपनीय कागद कसा सांभाळतात ते सांगतो. 1990 च्या दशकात मी ईशान्येकडे एका ब्रिगेड मुख्यालयात स्टाफ ऑफिसर होतो. गोपनीय आदेश निघाला की प्रत्येक प्रतीवर नंबर पडायचा, बारापैकी तिसरी, बारापैकी चौथी. कोणती प्रत कोणाकडे गेली याची रजिस्टरमध्ये सही. अधिकारी बदलून गेला तर हँडिंग-टेकिंगमध्ये प्रत्येक कागद मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. ठरावीक काळाने सगळ्या गोपनीय कागदांची मोजदाद व्हायची. काम संपलं की साक्षीदारांसमोर जाळायचा आणि जाळल्याचा दाखला फाईलला लावायचा. एक प्रत कमी निघाली की झोप उडायची. माझी एकदा उडाली आहे. तीन दिवसांनी तो कागद एका नकाशाच्या घडीत सापडला.

मग मुख्यालयात फोटोकॉपी मशीन आलं. आमचे हेड क्लार्क, जुने सुभेदारसाहेब, त्या मशीनच्या खोलीला कुलूप लावून चावी खिशात ठेवायचे. आम्ही तरुण अधिकारी हसायचो. पण त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती. त्या मशीनमधून निघालेल्या प्रतीवर नंबर नसतो.

आज प्रत्येक मोबाईल हे असं मशीन आहे. कागद चोरीला गेला तर कपाटात तो दिसत नाही. डेटा चोरीला गेला तरी मूळ जागच्या जागी असतो, म्हणून महिनोन्महिने कोणाला पत्ताच लागत नाही.

आता लहान संस्थेवरून मोठ्यांकडे येऊ. तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांकडे तज्ज्ञ असतात, पैसा असतो, त्यांचं असं होत नसेल. तर जुलै 2025 मधलं नायरा एनर्जीचं उदाहरण घ्या. गुजरातमध्ये वाडिनार इथे या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला 2 कोटी टन क्षमता, शिवाय देशभर हजारो पेट्रोल पंप. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची 49 टक्क्यांहून थोडी जास्त भागीदारी आहे. 18 जुलैला युरोपीय संघाने रशियावर नवे निर्बंध लावले आणि त्यात नायराचंही नाव आलं. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद, टीम्स बंद. कंपनीचं म्हणणं होतं की पैसे भरून परवाने घेतलेले असताना आम्हाला आमच्याच डेटापर्यंत जाऊ दिलं जात नाही, आणि भारताच्या किंवा अमेरिकेच्या कायद्याने असं करायला सांगितलेलं नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाल्या.

रशियन तेलाबद्दल तुमचं मत काहीही असो, तो आजचा मुद्दा नाही. इथे डेटा कोणी चोरला नाही, कोणी वाचलाही नाही. फक्त मालकाला दार उघडेना. कारखाना भारतात, कर्मचारी भारतात, ग्राहक भारतात, आणि निर्बंधांचा निर्णय ब्रसेल्समध्ये.

म्हणून डेटावर ताबा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. ताब्याला दोन बाजू आहेत. दुसऱ्याला आत येऊ न देणं ही एक. आपल्याला हवं तेव्हा आपलं मिळणं ही दुसरी. गंमत म्हणजे या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. चोरी टाळायची तर प्रती कमी हव्यात. आग लागली, सेवा बंद पडली, तर काम चालायला प्रती जास्त हव्यात. फौजेतही हेच असतं. युद्धाचा आराखडा फार लोकांकडे नको, पण मुख्यालयावर बॉम्ब पडला तर पर्यायी मुख्यालयात त्याची प्रत हवीच. हा तोल कुठे साधायचा, हे ज्याने त्याने आपल्या कामाचं स्वरूप पाहून ठरवायचं असतं. बहुतेक संस्था ते ठरवतच नाहीत. जे आपोआप होईल ते होऊ देतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की सर्व्हर भारतात आणला की प्रश्न मिटला. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 ला आदेश काढला की भारतातल्या पेमेंटचा डेटा भारतातच साठवला पाहिजे. सहा महिन्यांची मुदत दिली. बँकेने तो आदेश गंभीरपणे राबवला. पालन झालं नाही म्हणून जुलै 2021 मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि ती जून 2022 मध्ये उठवली. मला हे पाऊल योग्यच वाटतं. निदान आपल्या तपास यंत्रणेला आपल्याच देशातला डेटा बघायला परदेशाची मनधरणी करावी लागत नाही.

पण जागा आपली असणं आणि ताबा आपला असणं यात फरक आहे. अमेरिकेने मार्च 2018 मध्ये क्लाऊड अ‍ॅक्ट नावाचा कायदा केला. डेटा अमेरिकी कंपनीच्या हातात असेल, तर सर्व्हर कुठल्याही देशात असला तरी तिथल्या यंत्रणेने रीतसर आदेश आणल्यावर तो द्यावा लागू शकतो. यावर एक उपाय आहे. डेटा कुलूपबंद स्वरूपात ठेवायचा आणि कुलपाची चावी क्लाऊडवाल्याला न देता स्वतःकडे ठेवायची. मग तो फार तर पेटी देईल, आतलं वाचता येणार नाही. मात्र नायरासारखी वेळ आली तर ही चावीही कामाची नाही, कारण पेटीच समोर नाही. त्यासाठी स्वतःच्या ताब्यात वेगळी प्रत लागते. एका धोक्याचा उपाय दुसऱ्या धोक्यावर चालत नाही, हे लक्षात घ्या.

आता दिल्लीच्या एम्सकडे वळू. 23 नोव्हेंबर 2022 ला तिथले सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले. पाच सर्व्हर, सुमारे 1.3 टेराबाईट डेटा कुलूपबंद. एवढं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनवर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं, ते म्हणजे नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती.

विभागणी म्हणजे काय? दारूगोळ्याच्या डेपोत सगळा माल एका शेडमध्ये कधीच ठेवत नाहीत. दोन शेडमध्ये अंतर असतं, मध्ये मातीचे जाड बांध असतात. एका शेडला आग लागली तर दुसरी वाचावी म्हणून. अनेक कार्यालयांच्या नेटवर्कमध्ये असे बांध नसतात. स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर एक चुकीची फाईल उघडली की आग थेट मुख्य सर्व्हरपर्यंत पोचू शकते. एम्समध्ये एक गोष्ट मात्र चांगली होती. बॅकअपचा एक सर्व्हर वाचला होता आणि ई-हॉस्पिटलचा डेटा त्यावरून परत मिळाला. दक्षिण कोरियाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे जी-ड्राईव्ह नावाची साठवण होती. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं त्यात ठेवायचे. 858 टेराबाईट डेटा गेला. बाहेर दुसरी प्रत नव्हती.

तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त छळतो, कारण त्यात शत्रूला काही करावंच लागत नाही. स्ट्राव्हा हे धावणाऱ्यांचं अ‍ॅप. नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनीने जगभरातले लोक कुठे धावतात याचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या ओसाड भागात काही रेषा चमकताहेत. ते अमेरिकी सैनिकांचे तळ होते. सैनिक सकाळी धावायला निघायचे, मनगटावर घड्याळ. एकट्या सैनिकाच्या धावण्यात गुपित काहीच नाही. शेकडो धावा एकत्र केल्या की तळाची आखणी दिसते.

आज हेच काम एआयच्या बाबतीत होतं आहे. कारकुनाला इंग्रजी पत्र लिहायला जड जातं, तो अख्खी फाईल चॅटजीपीटीत टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो. सॅमसंगच्या काही इंजिनिअरांनी 2023 मध्ये कंपनीचा कोड असाच टाकला आणि कंपनीला बंदी घालावी लागली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी 2025 मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन कॉम्प्युटरवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं. नुसत्या बंदीने भागेल असं मला वाटत नाही. बंदी घातली की माणूस तेच काम स्वतःच्या मोबाईलवर करतो, आणि तिथे आपली नजर अजिबात नसते. त्याला सुरक्षित साधन दिलंत तरच तो असुरक्षित साधन सोडेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. काम बाहेरच्या एजन्सीला दिलं म्हणून जबाबदारी टळत नाही. डेटा ज्याने गोळा केला, उत्तर त्यानेच द्यायचं. "ते आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडे आहे" हे वाक्य यापुढे चालणार नाही.

आमच्या संस्थेत आम्ही काय केलं? आधी आधार नंबर यादीतून काढले. आम्हाला ते कधी लागलेच नव्हते, फॉर्मवर रकाना होता म्हणून भरून घेतले होते. यादी संस्थेच्या नावाच्या खात्यात घेतली, चिटणीस बदलला की खातं हँडिंग-टेकिंगमध्ये येतं. बँक तपशील वेगळे ठेवले, ते फक्त दोघांना दिसतात, आणि कोणी कधी उघडले याची नोंद आपोआप होते. एक प्रत पेन ड्राईव्हवर, कुलपात, दर महिन्याला बदलतो. सव्वीस जणांना मोबाईलमधली यादी पुसायला सांगितली. वीस जणांनी पुसली म्हणून कळवलं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो सभासदांना पत्र पाठवण्यावरून. तुमची माहिती आमच्याकडून बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, सावध राहा, असं पत्र. दोघे कमिटी सदस्य म्हणाले, "कर्नलसाहेब, उगाच बदनामी कशाला? आपल्याकडूनच गेली याचा पुरावा काय?" बरोबर आहे, पुरावा नव्हता. आपल्याकडून गेली नाही याचाही नव्हता. शेवटी पत्र गेलं.

त्या बाईंकडे मी स्वतः गेलो. मुलीने चहा केला. मी म्हटलं, "ताई, नंबर आमच्याकडून गेला असेल किंवा दुसरीकडून. आम्ही नोंदच ठेवली नव्हती, म्हणून सांगता येत नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना तर एक काडतूस कमी भरलं तरी जाब द्यावा लागायचा, साहेब."

पैसे अजून परत आलेले नाहीत, बँकेकडे पाठपुरावा चालू आहे. जय हिंद.